फोनातला बाळू

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते भिंतीला ओल चढावी तसे आपोआप चढत जातात. एखादं बटण कुठे ठेवायचं यावरून ऑफिसात दोन शहाणी माणसं दोन तास भांडतात आणि चार दिवसांनी एखादी आजी त्या बटणाबद्दल असं काही बोलते की दोघांनी तोंड लपवावं. मित्रमंडळी जमली की कोणीतरी हमखास म्हणतं, "तुमच्या त्या मशीनचं सांग की." मी हसवायलाच सुरुवात करते. पण अलीकडे माझं सांगणं निम्म्यावर आलं की कोणीतरी उठून उगाच आतल्या खोलीचा लाइट लावून येतं.

मी डिझायनर आहे. बीडमध्ये हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ब्लाऊजच्या का पत्रिकेच्या?" मी म्हणते, फोनच्या. मग समोरचा आपला फोन पुढे करतो आणि कव्हर बदलून मागतो!

खरं काम असं आहे, की माणूस यंत्रापुढे कुठे अडखळतो ते बघायचं आणि मग यंत्राला बदलायचं, माणसाला नाही. माझं तत्त्वज्ञान म्हणाल तर एवढंच. पुण्यात नोकरीला होते तेव्हा हे मी मोठ्या पडद्यावर, बाण काढून, इंग्रजीत समजावून सांगायचे. बीडला परत आल्यावर आमचे घरमालक काशिनाथअप्पा यांना सांगितलं. खाली त्यांचं भांड्यांचं दुकान, वर आमचं ऑफिस. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गिऱ्हाइकाला वाकाया लावू न्हाई. आमी रोजची भांडी कमरंच्या उंचीला मांडतो ती कावून?" माझं सगळं शिक्षण त्यांनी एका वाक्यात गुंडाळून हातात दिलं.

आता मशीनबद्दल. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात आणि गावात म्हातारी माणसं राहतात. आमचं मशीन त्यांना रोज एक फोन करतं. जेवण झालं का, गोळी घेतली का, असं विचारतं. मग म्हणतं, बरं असेल तर एक दाबा, बरं नसेल तर दोन दाबा. दोन दाबलं की शेजारच्या माणसाला आपोआप फोन जातो. शेवटी एक बीप वाजतो आणि वीस सेकंद मोकळी असतात, कोणाला काही सांगायचं असेल तर.

ही कल्पना बालाजीची. बालाजी आमचा प्रोग्रामर, नांदूरघाटचा. वडील गेल्यापासून त्याची आई तिथे एकटी राहते आणि बीडला यायचं नाव काढत नाही. "माझ्या आईला काही झालं तर मला कळाया पायजे," एवढ्यासाठी त्याने हे मशीन बनवायला घेतलं. बाकीची यादी मागाहून जोडली गेली. घरात त्याला बाळू म्हणतात.

* * *

पहिला आवाज आम्ही पुण्याहून आणला होता. एका मुलीचा, साखरेत घोळलेला. आठवड्याभरात निम्मी यादी "नमस्कार"लाच फोन कापायला लागली. मी दिंद्रुडला एका आजींच्या घरी जाऊन बसले. माझ्यासमोर फोन आला, त्यांनी ऐकला आणि शांतपणे बंद केला. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "इतकं ग्वाड कोण बोलतंय आमच्यासंगं? कायतरी इकायचं आसंल."

मग आपल्या भागातला आवाज हवा असं ठरलं आणि तो बालाजीचा निघाला. शांत जागा म्हणून आम्ही रेकॉर्डिंग अप्पांच्या गोदामात केलं. चारी बाजूंना पितळी हंडे आणि पातेली. बालाजी एक वाक्य बोलायचा आणि ते हंड्यांच्या पोटात फिरून, जरा उशिराने, जरा खालच्या सुरात परत यायचं. बालाजी गप्प बसला तरी कोणीतरी वाक्य पूर्ण करत असायचं. दहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो. अप्पांनी कुलूप लावलं, कडी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ह्येचा आवाज आतच ऱ्हायला की."

त्यानंतर बरेच दिवस अप्पा गोदाम उघडण्याआधी खाकरायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, धुळीने होतंय. शेवटी गादीवाल्याच्या दुकानात, कापसाच्या ढिगात बसून सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं.

मी एक नियम मात्र हट्टाने पाळायला लावला. यंत्राने माणसाचं सोंग घ्यायचं नाही. म्हणून फोनमधलं पहिलं वाक्यच असं आहे, "नमस्कार, हा मशीनचा फोन आहे." ऐकणाऱ्याची फसवणूक नको. पहिल्याच दिवशी वीस सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये एका म्हाताऱ्या बाईंचं उत्तर आलं, "आसू दे बाबा, मशीन तर मशीन. जेवलास का पन?"

* * *

दीड-दोन महिन्यांनी बालाजी काही कामाने दिंद्रुडच्या बाजारात गेला होता. पारावर तीन म्हातारे पाठमोरे बसले होते. बालाजीने शेजारच्या दुकानदाराला नुसतं विचारलं, "जेवण झालं का, शेठ?"

तिन्ही पाठी एकदम ताठ झाल्या. कोणी वळून पाहिलं नाही. एकजण समोर बघत म्हणाला, "झालं." दुसरा म्हणाला, "घेतली गोळी." तिसरा काहीच बोलला नाही, पण त्याचा अंगठा धोतरावर एकदा दाबला गेला, आणि मग तिघंही पुन्हा तंबाखू मळायला लागले.

आम्ही ऑफिसात पोट धरून हसलो. बालाजी हसला नाही. त्या दिवसापासून तो बाजारात बोलत नाही. बोटाने दाखवतो, मान हलवतो. अनोळखी म्हाताऱ्या माणसांनी भरलेल्या एसटीत तर तो कंडक्टरला सुद्धा गावाचं नाव कागदावर लिहून देतो.

* * *

तेव्हा फोन संध्याकाळी साडेसहाला जायचा. दिवस संपलेला, माणूस घरात, जेवणाची वेळ जवळ. मला ही वेळ फार हुशारीची वाटली होती.

लोक फोन कसा घेतात ते बघायला मी आणि बालाजी नांदूरघाटजवळच्या एका वस्तीवर गेलो. सगळी कर्ती माणसं उसाला गेलेली. गल्लीत दोन घरांआड एका दाराला कुलूप, उरलेल्या दारांत एकेक दिवा. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. आम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे होतो.

साडेसहा वाजले आणि गल्लीतले सगळे फोन एकदम वाजले. म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं, म्हणून प्रत्येकाने आवाज मोठा करून फोन कोनाड्यात ठेवलेला. मग पहिल्या घरातून बालाजी बोलला, "नमस्कार." अर्ध्या क्षणाने दुसऱ्या घरातून, मग समोरच्या घरातून, मग पार टोकाच्या घरातून. तेच शब्द, तोच सूर, एकावर एक पडत चाललेले. जेवण झालं का. जेवण झालं का. जेवण झालं का. आणि अंधारातून कापऱ्या आवाजात एकेक उत्तर.

मी बालाजीकडे पाहिलं. तो माझ्या शेजारी तोंड घट्ट मिटून उभा होता. मी त्याच्या दंडाला हात लावून पाहिला, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

परतताना त्याने सबंध रस्ताभर एकच वाक्य उच्चारलं, "मॅडम, मी इतक्या घरात कवा गेलतो?"

* * *

लिंबागणेशच्या बाजूला म्हाळूमामा म्हणून मेंढपाळ आहेत. एकटे राहतात. ते वीस सेकंदांत कधी बोलायचे नाहीत, पण फोन चालू ठेवायचे. त्यामुळे रोज घरी परतणाऱ्या मेंढरांच्या घंटा ऐकू यायच्या. मला त्या इतक्या आवडायच्या की संध्याकाळी ऑफिसात असले तर चहा घेऊन त्यांचंच रेकॉर्डिंग आधी लावायची.

एका संध्याकाळी मामांनी नेहमीप्रमाणे एक दाबलं. पडद्यावर हिरवा ठिपका आला. रेकॉर्डिंग लावलं तर घंटा नव्हत्या. नुसता वारा, आणि पाण्याचा अगदी बारीक आवाज.

मी शेजारच्या नंबरला फोन केला. तो म्हणाला, मेंढरं तर केव्हाच आली, मामा मागून येत असतील. मी म्हटलं, बघून या. तासाभराने मामा ओढ्यात सापडले. पाय मांडीपासून मोडला होता, फोन हातात होता. आमचा फोन त्यांनी त्याच अवस्थेत घेतला होता आणि एक दाबलं होतं. मी बरा आहे.

मी दवाखान्यात भेटायला गेले आणि रागावले. मामा, दोन का नाही दाबलं? त्यांनी माझ्याकडे, मी काही वाईटसाईट बोलल्यासारखं पाहिलं.

"दिवेलागणीला? लक्षुमी यायच्या वक्ताला आपुन बरं न्हाई म्हनावं? म्हनलं की घर ऐकतंय, आन मंग तसंच व्हतंय."

मी म्हटलं, पण तुम्हाला तोंडाने कुठे म्हणायचं होतं, नुसतं बटण दाबायचं होतं.

"बोट बी आपलंच की, बाई."

परत येऊन मी सगळ्या नोंदी उघडल्या. सबंध सीझनमध्ये आमच्या यादीतल्या एकाही माणसाने, एकाही संध्याकाळी, दोन दाबलं नव्हतं. तो सगळा हिरवागार पडदा मी मीटिंगमध्ये लोकांना अभिमानाने दाखवला होता. आणि मी काही परदेशातून आलेली नाही, याच जिल्ह्यातली आहे. तिन्हीसांजेला "डोकं दुखतंय" म्हटलं की माझी स्वतःची आई तोंडावर हात ठेवायची. सगळं माहीत असून मी माणसांना नेमक्या त्याच घटकेला अशुभ बोलायला सांगत होते. मला माझी इतकी चीड कधी आली नव्हती.

* * *

आम्ही फोनची वेळ बदलली. सकाळी साडेसात.

पहिल्या सकाळी मी, बालाजी आणि कुतूहल म्हणून वर आलेले अप्पा, तिघंही पडद्यासमोर बसलो होतो. एक हिरवा ठिपका आला. मग एक लाल. मग आणखी लाल. मग ते थांबेचनात. यादीतली गावंच्या गावं लाल होत गेली. कोपऱ्यातलं यंत्र आपलं टिक टिक करत शेजाऱ्यांना फोन लावत सुटलं होतं.

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "ही समदी मान्सं काल सांजच्याला बरी व्हती?"

तो दिवस फोनवरच गेला. कोणाला महिनाभर चक्कर येत होती, कोणाचा गुडघा सुजलेला, एका आजोबांनी गॅस संपल्यापासून गरम काही खाल्लं नव्हतं. सगळ्यांनी रोज संध्याकाळी एक दाबलं होतं.

दुपारी बालाजी यादी खाली सरकवत होता आणि त्याचा हात थांबला. नांदूरघाट. आई. दोन.

* * *

त्याने तिथूनच आपल्या फोनवरून आईला फोन लावला. ती खणखणीत आवाजात म्हणाली, मला काय धाड भरलीय, अंगठा घसरला असंल. दुसऱ्या सकाळी पुन्हा दोन. शेजारच्या कमलकाकू गेल्या, तर त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा दोन. बालाजी मोटारसायकलने गेला. तिने पिठलं-भाकरी केली, त्याच्यासमोर हापशावर जाऊन कळशी भरून आणली आणि त्याने ओढूनताणून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांना म्हणाली, "आमचं पोरगं लई भित्रं हाय." ब्लडप्रेशर ठीक निघालं. तो परत आला. चौथ्या सकाळी दोन.

वीस सेकंदांची रेकॉर्डिंगं फक्त मी ऐकायची, आणि कोणी आपल्या घरच्या माणसाचं ऐकायचं नाही, हा आमचा नियम. बालाजीने स्वतःच तशी सोय केली होती, त्यामुळे त्यालाही ते उघडता येत नव्हतं. त्या दिवसांच्या गर्दीत तिचं ऐकायचं राहून गेलं होतं, ते मी आता दार लावून ऐकलं.

"बाळू, काल परत हापशावरनं येतानी छातीत दगुड ठिवल्यावानी झालं. उंबऱ्यावर बसले जराशी. मंग गेलं. माझ्या बाळूला सांगू नको बरं का."

मी ते तीनदा ऐकलं. बाळू, आणि माझा बाळू. एकाच दमात, दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलावं तसं.

बाई विश्वासाने एकाला सांगत होती आणि ऐकत मी होते. न सांगावं तर छातीचं दुखणं. सांगावं तर उद्यापासून ती फोनलाही काही सांगणार नाही, एक दाबून मोकळी होईल. माणूस केंद्रस्थानी ठेवायचा हे मी इतकी वर्षं बोलत आले. पण एकाच माणसाचा जीव आणि त्याचा शब्द यांतलं काय केंद्रस्थानी ठेवायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मी बालाजीला न सांगता नांदूरघाटला गेले आणि सरळ त्यांनाच विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. रागावल्या नाहीत. मीच ऐकते हे कळल्यावर थोडं लाजल्यासारखं हसल्या. मी म्हटलं, आई, मशीनला सांगता ते मुलाला का नाही सांगत?

"फोनातला बाळू येगळा हाय. त्याला कवाच घाई न्हाई. आन त्यो येत न्हाई, म्हून त्याला सांगता येतं."

शेंगा फोडत फोडतच पुढे म्हणाल्या, "मला ताप आलता तवा ह्येचा बाप डाक्टर आनाया गेलता, गाडीवर. परत आला न्हाई. आता ह्यो बी तसाच पळत येतो. गाडी लई जोरात हाकतो. माझं दुखनं ऱ्हाऊ द्या माझ्यापशी."

त्यांनी माझ्याकडून शब्द मागितला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा प्यायले आणि परत येऊन त्याच संध्याकाळी बालाजीला सगळं सांगून टाकलं. बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

* * *

बालाजीने आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बीडमधल्या एका ओळखीच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, पेशंट स्वतः नीट सांगत नाही तोवर मी अंदाज कसा करू? त्यांनी तीन प्रश्न लिहून दिले. छातीत दुखतं का, दुखणं डाव्या हातात उतरतं का, चालताना दम लागतो का. यातल्या दोन प्रश्नांना जरी हो आलं, तरी त्याच दिवशी आणा, तिचं काहीही ऐकू नका.

मी म्हटलं, विचार तिला. बालाजी म्हणाला, "मला न्हाई सांगनार. त्याला सांगंल."

नवे प्रश्न रेकॉर्ड करून मशीनमध्ये बसवायला दोन दिवस लागले असते. बालाजीला दोन दिवस थांबायचं नव्हतं. तो म्हणाला, उद्याचा तिचा फोन मशीन करणार नाही, मशीनच्या नंबरावरून मी करणार. यंत्राने माणसाचं सोंग घेऊ नये एवढाच नियम मी केला होता. माणसाने यंत्राचं घ्यावं की नाही, याबद्दल माझ्या नियमात काहीच नव्हतं.

सकाळी सहालाच आम्ही ऑफिस उघडलं. कमलकाकूंच्या घरची जीप नांदूरघाटला वेशीपाशी उभी करून ठेवली होती, मी मेसेज केला की ती आईच्या दारात जाणार होती. बालाजी आपलंच जुनं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावत होता आणि तसंच्या तसं बोलून बघत होता. तीच ओढ, तेच थांबणं, प्रत्येक शब्दाला तेवढाच वेळ. साडेसात वाजत आले तेव्हा दोन आवाजांतला फरक मला सांगता येईना. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं, नुसते ओठ. मी त्याला पाणी दिलं, ते त्याने बाजूला ठेवलं.

फोन लागला. पहिल्याच घंटेला उचलला.

"नमस्कार, हा मशीनचा फोन आहे," बालाजी म्हणाला. ते मशीनच होतं. "छातीत दुखत नसेल तर एक दाबा. दुखत असेल तर दोन दाबा."

पडद्यावर लाल ठिपका आला. दोन.

"दुखणं डाव्या हातात उतरत नसेल तर एक दाबा. उतरत असेल तर दोन दाबा."

या वेळी उशीर झाला. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग दोन.

मी जीपवाल्याला मेसेज केला. बालाजीने मेसेज गेलेला पाहिला आणि तिसरा प्रश्न सुरू केला. "चालताना दम," एवढं म्हणाला आणि पुढचा शब्द त्याला उच्चारता आला नाही. तो नुसता माइकसमोर बसून राहिला. एक सेकंद, दोन सेकंद, पाच सेकंद. फोन चालूच होता.

"आज तुजा श्वास ऐकू यायलाय, बाळू," ती म्हणाली.

बालाजीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

पलीकडे जीपचा हॉर्न वाजला. कोणीतरी दार वाजवलं. आणि पडद्यावर हिरवा ठिपका आला. प्रश्न पुरा झालाच नव्हता, तरी तिने एक दाबलं होतं. मी बरी आहे.